ऑक्टोबरच्या पानावरची बाई

१५ ऑक्टोबर २०२४
नंदनवन, नागपूर

पियुष,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे. ती मुद्दाम गाळली आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आठ वर्षं झाली. आईला महिन्यातून एकदा फोन करतोस आणि मागून माझा आवाज आला की कापतोस. करत राहा. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे रजिस्टर पत्र थेट तुझ्या कळमेश्वरच्या क्वार्टरवर पाठवते आहे. सगळं वाच, मग हवं तर फाड.

शनिवारी विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेले होते. पुस्तकांचे स्टॉल पाहत फिरताना तुझ्या छपाईच्या कंपनीचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर दिसलं. चाळलं. ऑक्टोबरच्या पानावर माझं चित्र होतं.

माझं म्हणजे माझंच. हजारो चित्रं मी काढलेली नाहीत, शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात जन्म गेला, पण तेवीस वर्षांपूर्वी कुहीच्या विहारासाठी हे एक काढलं आणि ते मला डोळे मिटूनही ओळखू येईल. धानाच्या बांधीवरून चाललेली माणसांची रांग. सगळ्यात पुढे सोळा वर्षांची मुलगी, पांढरं लुगडं, घोट्यापर्यंत भिजलेला काठ, कमरेवर गाठोडं. छप्पनच्या ऑक्टोबरात आपली आई कुहीकडून नागपूरला पायी आली, दीक्षा घ्यायला, तिच्या बापासोबत. लुगड्याची एकेक चुणी जिथल्या तिथे आहे.

फक्त ती मुलगी आई नाही. दुधासारखी गोरी कोणी बाई आहे. हनुवटीवरचे तीन ठिपके नाहीत. हातावरचं गोंदण नाही. आणि पायात चपला आहेत, पियुष. चपला! चाळीस किलोमीटर अनवाणी चालून टाचा फुटल्या होत्या, हे तिने तुला किती वेळा सांगितलं असेल?

चाळीस रुपये देऊन कॅलेंडर घेतलं आणि घरी आणून आईच्या हातात दिलं. तिने लांब धरून पाहिलं.

"कोण हाय वं हे? टीव्हीवाली हाय काय कोणी?"

म्हटलं, आई, ही तू आहेस. विहारातलं चित्र.

तिने पुन्हा पाहिलं. "मी नाही होय. पाय त कोण्या शेठानीचे दिसून राह्यले. आन् चप्पल कोणं घालून देली मले?" मग म्हणाली, "येवढी काळी होती काय मी, का लोकायले दाखवता नाही आली?"

त्यानंतर ती जेवायला बसली आणि अर्धी भाकर ठेवून उठली. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तुझ्या कंपनीचं नाव आहे आणि पुढे 'सर्व हक्क सुरक्षित'. कोणापासून सुरक्षित? माझ्यापासून?

त्या चित्राचा एवढा मोठा, स्वच्छ फोटो जगात एकच आहे. २०११ साली तू स्टँड लावून, विहारातल्या ट्यूबलाइट बंद करवून काढला होतास. म्हणून एकच प्रश्न विचारते. आईला गोरं कोणी केलं? उत्तर पत्राने पाठव.

माया गजभिये

२२ नोव्हेंबर २०२४

पियुष,

पोचपावती परत आली. सहीखाली दोन रेघा ओढायची खोड गेलेली नाही. उत्तर मात्र आलं नाही. ठीक आहे, मला भिंतीशी बोलायची सवय आहे, पाचवी 'ब'ला शिकवते.

तुझ्या कंपनीला नोटीस गेली आहे. ती एकट्या मायाची नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते. आम्ही नागपुरात चित्रकारांचं मंडळ काढलं आहे. सध्या एकवीस जण आहोत. नंदनवनात जितेंद्र पेंटरच्या दुकानावरच्या खोलीत बसतो, खाली त्याचं फ्लेक्सचं मशीन घरघरत असतं, त्यामुळे सगळ्यांना ओरडूनच बोलावं लागतं. माझं अक्षर बरं म्हणून मला सचिव केलं.

तुला मंडळ म्हणजे हळदीकुंकू वाटेल, म्हणून कामाची रीत सांगते. प्रत्येकाने आपल्या चित्रांची यादी मंडळाकडे द्यायची. कुणाला छापायचं असेल तर त्याने एका ठिकाणी यायचं. दर ठरलेला, किती प्रती त्यावर. येतील त्या पैशातून मंडळाचा खर्च कापून बाकी ज्याच्या त्याच्या घरी. नोंदणीचा अर्ज दिल्लीला पडून आहे, तोवर परवानगीवर सही ज्याची त्याची, पण कागद जाणार मंडळातून. आणि एक नियम सगळ्यात वर: एकट्याने जाऊन कोणी मिटवायचं नाही.

हा नियम मार्तंडकाकांमुळे झाला. ते तुला माहीत आहेत, चाळीस वर्षं देवादिकांची कॅलेंडरं काढली. त्यांची लक्ष्मी आठव, तिचं नाक त्यांच्या बायकोचं आहे. एकदा रोख पैसे मिळाले आणि संपलं. आज ती लक्ष्मी अगरबत्तीच्या पुड्यावर आहे, प्लास्टिकच्या ताटात आहे, टेम्पोच्या मागे आहे. काका म्हणतात, "माही बायको टेम्पोवर बसून गोंदियापर्यंत जाऊन येते, अन् मी इथं बसच्या तिकिटाचे पैसे मोजत राह्यतो." एकटे भांडायला गेले तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. आमच्यातली खुशी तेवीस वर्षांची आहे, टॅबवर चित्रं काढते. तिची चित्रं एकाने कुर्त्यांवर छापली आणि वर तिलाच म्हणाला, नाव टाकलं तर तुमचीच जाहिरात होईल ना! म्हणजे टाकलं नाहीच.

आमची वकील अस्मिता म्हणून आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, विहाराने तुम्हाला पैसे दिले होते का?" मी खाली मान घालून म्हटलं, नाही हो, दान दिलं होतं, एक रुपयाही घेतला नाही. तर ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, पैसे घेऊन काढलं असतं तर काढवून घेणाऱ्याचा हक्क झाला असता. तुम्ही फुकट काढलं म्हणून तो तुमच्याकडेच राहिला. कॅनव्हास दिला म्हणजे हक्क दिला असं होत नाही. आयुष्यभर लोक मला बावळट म्हणत आले, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

अडचण एकच आहे. चित्रावर माझी सही नाही. आपल्या विहारात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव आहे, सतरंजीच्या कोपऱ्यावर आहे, पाण्याच्या टाकीवर तर खानदानाची यादी आहे. मला वाटलं, चित्रात आई आहे, तिच्या पायाशी आपलं नाव कशाला मिरवायचं? दानफलकावरही घालू दिलं नाही. आता कंपनी विचारणार, पुरावा काय?

पुरावा तू आहेस. चित्र होताना तू घरात होतास.

माया गजभिये, सचिव

१० जानेवारी २०२५

पियुष,

कंपनीचं उत्तर आलं. चार पानं इंग्रजीत आणि शेवटी तुझं मराठीतलं निवेदन. 'मी, पियुष देवाजी गजभिये, कंपनीच्या नोकरीत असताना सदर चित्र स्वतःच्या कल्पनेने संगणकावर तयार केले.' खाली सही, सहीखाली दोन रेघा.

तर माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मिळालं.

अस्मिताने समजावून सांगितलं. नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं. त्यांना चित्र मी काढलं नाही हे सिद्धच करायचं नाही, तू काढलंस एवढं पुरे. तुझ्या तोंडून माझं चित्र त्यांनी आपलं करून घेतलं, आणि तुझंही राहू दिलं नाही. दोघांनाही एकाच सहीत उडवलं. तुला किती मिळालं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे, कारण माझ्या अंदाजाने काहीच मिळालं नसेल. नोकरी राहिली असेल फक्त.

'स्वतःच्या कल्पनेने.' बरं. मग मला सांग, त्या मुलीचा डावा हात पदराखाली का आहे? रांगेतल्या सगळ्यांचे हात दिसतात. गाठोडं उजवीकडे आहे, पदर डावीकडे उगाच ओढलेला आहे. तुझी कल्पना आहे ना? सांग.

सांगू शकणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. मला तो हात जमला नाही. आई आठ रविवार माझ्यासमोर स्टुलावर बसली, मी तो हात पाच वेळा काढला आणि पाच वेळा पुसला. दर वेळी लाटण्यासारखा दिसायचा. शेवटी कंटाळून त्यावर पदर ओढला. लोक म्हणतात, काय लाजरा भाव आणला आहे! मी तेवीस वर्षं मान डोलावते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता अस्मिताला लिहून दिलं आहे, म्हणजे कोर्टातही वाचलं जाईल. जाऊ दे. ज्याचं चित्र असतं त्यालाच त्याची चूक ठाऊक असते.

आईला तुझं निवेदन वाचून दाखवलेलं नाही. तुझ्यावर दया म्हणून नाही. तिने संक्रांतीच्या आधी तुझ्यासाठी तीळ निवडून ठेवले आहेत, ते तिने फेकू नयेत एवढंच.

माया गजभिये

३ मार्च २०२५

पियुष,

हे पत्र लिहायचं नव्हतं. दोन गोष्टींसाठी लिहावं लागतं आहे.

पहिली. काल कुहीला विहारात जाऊन आले, चित्राचे फोटो पुराव्यासाठी काढायला. नवं बांधकाम झालं तेव्हा चित्र मागच्या भिंतीवर नेलं होतं. त्याच भिंतीच्या पलीकडे वरच्या टाकीचा पाइप उतरतो, तो गळतो आहे. तीन पावसाळ्यांची ओल कॅनव्हासमध्ये मुरली आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत रंग सुटला आहे. धोंडबा सेवक बिचारा हात जोडून म्हणाला, "ताई, बुरशी दिसे म्हणून मी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. मले काय मालूम रंग निघते म्हणून." त्याला काय बोलणार? मनाने चांगलाच आहे. त्याने रंग पुसला तो साफ करायला.

म्हणजे आता आईचा तो चेहरा कुठेही नाही. फक्त तू काढलेल्या फोटोत आहे. मूळ फोटो, तू हात लावायच्या आधीचा. तो पुसून टाकला नसशील तर. ही विनंती नाही. तुला माहीत असावं म्हणून कळवलं.

दुसरी गोष्ट अवघड आहे. नव्या विहाराच्या उद्घाटनाला, २०१६ साली, तू सजवलेल्या लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचं छापील पुस्तक आणलं होतंस. कंपनीत बक्षीस मिळालं होतं. तुझे सासरे होते, मावशीच्या घरचे होते, सगळ्यांना तू पानं उलटून दाखवत होतास. आणि मी म्हटलं, "यात तुझं काय आहे? इकडचं उचलून तिकडं चिकटवलं. तू चित्रकार नाहीस, कॉपी करणारा आहेस." सगळे हसले. तू पुस्तक पिशवीत घातलंस आणि जेवायला न थांबता निघून गेलास.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की खरं तेच बोलले. खरं नव्हतं. त्या पुस्तकात बोधिवृक्षाच्या पानांची एक किनार होती, ती तूच काढली होतीस, मला बघताक्षणी कळलं होतं. मला हेवा वाटला. माझं एक चित्र, तेही खेड्यातल्या भिंतीवर. तुझी किनार हजारो घरांत जाणार होती. तुझं नाव तिच्यावर नव्हतं हेही मला तेव्हा दिसलं, आणि त्याचं मला बरं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

ज्याला भर मांडवात चित्रकार नाहीस म्हटलं, त्याला कोणी 'हे चित्र तुझंच आहे असं लिहून दे' म्हटल्यावर सही करावीशी वाटली असेल. हे मला समजतं. म्हणून ते चालणार आहे असं समजू नकोस. माझी चूक माझी आणि तुझी तुझी. माझ्याकडून मी मान्य केली.

माया

१९ मे २०२५

पियुष,

काल तुमचे सुमंत मॅनेजर घरी आले होते. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात संत्रा बर्फीचा डबा घेऊन. मी कूलरसमोर बसवलं, पन्हं दिलं. माणूस गोड बोलतो.

म्हणाले, मॅडम, कंपनीला वाद वाढवायचा नाही. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात तुमचं नाव ठळक छापू. चेहरा मूळचा, गोंदण मूळचं, चपला काढून टाकू. वर मोबदला. आकडा सांगितला, तो इथे लिहीत नाही, पण निवृत्तीनंतर घरावर दुसरा मजला झाला असता.

मी म्हटलं, आणि माझ्याकडून काय हवं?

दोन कागद निघाले. पहिला, मी मंडळातून बाहेर पडते आणि बाकीच्यांच्या मागण्यांशी माझा संबंध नाही. दुसरा मी तीन वेळा वाचला. त्यात लिहिलं होतं की चित्र चोरून, बदलून, स्वतःचं म्हणून कंपनीच्या गळ्यात मारण्याचा प्रकार पियुष गजभिये या कर्मचाऱ्याने एकट्याने केला, कंपनीची शुद्ध फसवणूक झाली, आणि माझी तक्रार फक्त त्याच्याविरुद्ध आहे.

"मॅडम, तुमचं त काम होऊन राह्यलं ना?" सुमंत म्हणाले. "त्यानं तुमच्यासोबत जे केलं, त्याचं त्याले भोगू द्या. आम्ही त्याले काढूनच टाकणार आहो."

खोटं कशाला सांगू? पेन हातात घेतलं होतं. आई पंच्याऐंशीची आहे. कोर्टात तारखा पडत राहतील आणि ती तिचा चेहरा भिंतीवर लागलेला न पाहताच जाईल, ही भीती मला रोज असते. मंडळाचं म्हणावं तर आदल्याच दिवशी कुणकुण लागून मार्तंडकाका स्वतः म्हणाले होते, "तुले देऊन राह्यले त घे वं पोरी. आमच्यासाठी अडून नको राहू. मायचं वय झालं." असं बोलणाऱ्या माणसाला सोडून जायला तर आणखीच सोपं जातं. आणि तू? तुझ्यावर मी सात महिने दातओठ खाते आहे. तुझ्या नावापुढे 'एकट्याने' लिहिलेला कागद समोर आयता आला होता.

पण तो वाचताना मला तू दिसलास, ऑफिसात खाली मान घालून बसलेला, आणि तुझ्या मागे उभा राहून कुणीतरी बोट दाखवतं आहे, इथे अजून उजळ कर, इथलं ते काढ. तुझ्या कंपनीच्या त्या कॅलेंडरात बारा पानं आहेत. बाराही पानांवरच्या सगळ्या बाया गोऱ्या आहेत. हे काय तू एकट्याने केलंस?

मी दोन्ही कागद परत केले. म्हटलं, "भावाशी माझं भांडण आहे. मोठं आहे, आणि ते मी शेवटपर्यंत भांडणार आहे. पण ते माझं आहे, साहेब. ते मी तुम्हाला विकणार नाही."

सुमंत काही बोलायच्या आत आई खाटेवरून उठून बसली. मला वाटलं होतं ती झोपली आहे. तिने सगळं ऐकलं होतं, तू काय केलंस तेही त्यातून तिला कळलं.

"पोरगं माहं हाय," ती म्हणाली. "त्याचे कान धराचे असन त मी धरीन. तुमी कोण बाप्पा? अन् हे बर्फी घेऊन जा, शुगर हाय मले."

शुगर तिला नाही. ते गेल्यावर रडली. मग मला म्हणाली, "त्याले सांग, मले राग आला म्हणून." सांगितलं.

एक कागद मी सोबत पाठवते आहे. मंडळाच्या सभासदत्वाचा अर्ज. तुझ्या किनारी, तुझे कोपरे, तुझी पानं, गेल्या वीस वर्षांत तुझ्या नावाशिवाय काय काय छापलं गेलं, त्याची यादी करायला त्यात जागा आहे. नोकरीतलं काम म्हणून पैसे मिळणार नाहीत कदाचित. पण आपलं म्हणून लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. भरायचा तर भर. कोर्टाने ठरवलेली कंपनीसोबतची बैठक ११ जुलैला आहे, जिल्हा न्यायालयात, मध्यस्थासमोर, सकाळी अकरा.

माया

१४ जुलै २०२५

पियुष,

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. दारात दिसलास तेव्हा आधी ओळखलंच नाही. केस किती पांढरे झालेत रे तुझे!

मध्यस्थ बाईंनी विचारलं आणि तू कोणाकडेही न पाहता बोललास, ते मी त्याच दिवशी घरी येऊन लिहून ठेवलं. "चित्र ताईचं हाय. गोरं मी केलं. वरून सांगितलं होतं, पण हात माहा होता. स्टेटमेंटवर सही बी माहीच, ते खोटं हाय." आणि टेबलावर मूळ फोटोचा पेन ड्राइव्ह ठेवलास. सुमंत उठून उभे राहिले, तू नाही उठलास.

मग अस्मिताने त्या पदराखालच्या हाताचं विचारलं. तू म्हणालास, "जमला नाही तिले." मध्यस्थ बाईसुद्धा हसल्या. मीही हसले, सगळ्यांसमोर. ते तू माझ्या पत्रातून उचललंस की तेव्हाच पाहिलं होतंस, हे मला अजून माहीत नाही.

बाहेर आल्यावर तू थांबला नाहीस. खुशी तुझ्या मागे पळाली, तोवर गाडी काढून गेलास. नोकरी त्याच संध्याकाळी गेली हे जितेंद्रकडून कळलं.

माफ केलेलं नाही. करेन असंही आत्ता लिहीत नाही. पण तू बोललास त्यानंतर मी कोर्टाच्या पायरीवर बसून पोटभर रडले, हे तुला कळायला हवं. मार्तंडकाकांनी रुमाल दिला. त्याला टर्पेंटाइनचा वास येत होता.

माया

५ सप्टेंबर २०२५

पियुष,

जयभीम.

कंपनीने करार केला. माझ्याशी नाही, मंडळाशी. तू काढलेला मूळ फोटो समोर आल्यावर त्यांच्यासमोर दुसरा रस्ता उरला नव्हता, आणि आम्ही एकवीसही जण एकाच वेळी उठून उभे राहिलो तेव्हा कुणाला बाजूला घेऊन चहा पाजायची सोय उरली नाही. आता ज्याचं चित्र त्याचं नाव, वाचता येईल एवढ्या अक्षरात. छापलेल्या प्रतींचा आकडा दर तिमाहीला मंडळाकडे. मार्तंडकाकांची लक्ष्मी पहिल्यांदा त्यांच्या नावाने छापली जाणार आहे. काका म्हणतात नाव बायकोचंही टाका, नाक तिचं आहे. त्यावर मंडळात पाऊण तास वाद झाला.

तुझा अर्ज मिळाला. यादीत चारशे बारा नोंदी आहेत. खुशीने सगळ्या टाइप केल्या. बोधिवृक्षाची किनार पहिल्या क्रमांकावर लिहिलीस, ते पाहिलं. सभेत तुझ्या नावाला दोघांनी विरोध केला. आधी स्वतःच्या बहिणीचं चित्र गिळणारा, असं म्हणाले. मी त्यांना म्हटलं, बरोबर आहे, आणि त्याचा हिशेब मी घरी करते आहे. तुम्ही चित्रं पाहा. एकोणीस विरुद्ध दोन मतांनी तू बाविसावा सभासद झालास.

आता काम. करारात एक कलम आम्ही भांडून घातलं. रंग कसा आला आहे हे छापखान्यात उभं राहून चित्रकार किंवा मंडळाने नेमलेला माणूस तपासणार, आणि त्याने प्रूफवर सही केल्याशिवाय छपाई सुरू होणार नाही. नव्या कॅलेंडरातही ऑक्टोबरला आईचंच चित्र आहे, तुझ्या मूळ फोटोवरून; त्या पानाचं प्रूफ सोमवारी, ८ तारखेला सकाळी दहाला निघेल. कळमेश्वरला, तुमच्याच छापखान्यात.

मी जाणार नाही. सगळे म्हणाले माया, तुझं चित्र, तू जा. मी जाऊ शकते, शाळेतून रजा मिळते. पण मंडळाकडून मी तुझं नाव दिलं आहे, पत्र सोबत आहे. ज्या खुर्चीवर बसून तू ते केलंस, त्या खुर्चीजवळूनच तुला जावं लागेल. सुमंत असतील, मशीनवरची तुझी जुनी माणसं असतील. कठीण जाईल. जाऊ दे.

पहिलं प्रूफ फिकं येईल. मशीनला तशीच सवय लागलेली आहे. कोणीतरी म्हणेल, थोडं उजळ राहू द्या, लोकांना आवडतं, कागद वाया चालला आहे, गिऱ्हाईक थांबलं आहे. दुसरं येईल, तिसरं येईल. तू घाई करू नकोस. सही करू नकोस. संध्याकाळ झाली तरी मशीन उभं राहू दे.

आईचा रंग तुला माहीत आहे.

ताई